पेन्सिल रायर

मामांना शाईची रेघ ओढताना मी फार थोड्या वेळा पाहिलं. एक पेन्सिल कानामागे, दुसरी शर्टाच्या खिशात, आणि शाईचं पेन टेबलाच्या खणात, कुलपात. कुंभकोणमच्या आमच्या नगररचना कार्यालयात सगळे त्यांना ‘पेन्सिल रायर’ म्हणत. इथे मराठी माणसाला रायरच म्हणतात. मी त्यांना मामा म्हणे. तसं ते माझे कुणी नव्हते. कार्यालयात मराठी बोलणारे आम्ही दोघेच, एवढंच नातं.

त्यांची मराठी इथल्या घरांत पिढ्यानपिढ्या जपलेली, जुन्या वळणाची. माझीही मुळात तीच. पण मी पुण्याला शिकले आणि पुस्तकांनी ती बदलून टाकली. “छापल्यासारखी बोलतेस ग,” ते म्हणत. “मधें तोंड घालायास मज भय वाटतें. पान उलटलें तर?”

आरेखक म्हणून ते निवृत्त झाले होते; पण या भागातले कालवे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नव्हते, म्हणून पुन्हा बोलावून घेतलेले. आम्ही प्रादेशिक आराखडा करत होतो: घरं कुठे व्हावीत, दवाखाना कुठे, कोणत्या भातशेतीला हात लावायचा नाही. नदीकाठच्या झोपड्यांतल्या लोकांसाठी नाचियार्कोविलच्या रस्त्यालगत वसाहत व्हायची होती. घरापासून दवाखान्यापर्यंतचं अंतर मी संगणकावर मोजलं आणि ते नियमात बसतं असं लिहिलं. मामांनी ते वाचलं, छत्री उचलली आणि म्हणाले, “नियमाचे पाय दुखत नाहींत. चल.”

नदीकाठच्या वस्तीतल्या एका पाट्टीला, म्हणजे आजीबाईला, ते बसने त्या मोकळ्या जागेवर घेऊन आले होते. शेवटच्या घराची जागा ते दवाखान्याची जागा, असं तिला चालवलं. ती टेकली की मामा थांबत आणि कागदावर पेन्सिलीने एक लहानसं वर्तुळ काढत. तिथे तिण्णै हवी, घरापुढे असतो तसा बसायचा ओटा, वर सावली. पाट्टी तीनदा टेकली. तिसऱ्यांदा तिने मामांकडे निरखून पाहिलं. “रायर, खरं सांगा, दमतंय कोण? मी का तुम्ही?” मामा तिच्याशेजारी बसले. “दोघंही,” ते तमिळमध्ये म्हणाले, “पण कागदावर तुमचं नाव घालतो.”

साहेबांना ती वर्तुळं आवडली नाहीत. “रायर, हा आराखडा आहे. तुमच्या दारातली कोलमची रांगोळी नाही.”

“कोलमच आहे, सर. आधी ठिपके, मग रेघा.”

मात्र त्या वर्तुळांवर त्यांनी शाई फिरवली नाही. जे लोकांना विचारून, पायांनी तपासून झालं तेवढंच शाईत, हा त्यांचा नियम. पाट्टीला एकदा चित्रै महिन्यातल्या कडक उन्हात चालवून पाहायचं राहिलं होतं. त्याआधीच त्यांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया निघाली, आणि नकाशा पाठवायचं माझ्याकडे आलं.

मी तो स्कॅन केला. पडद्यावर शाईच्या रेघा ठसठशीत उमटल्या; पेन्सिल उमटलीच नाही. ते मला दिसलं. तीन जागा कोऱ्या होत्या आणि कोऱ्या का होत्या हे मला माहीत होतं. मी स्वतः शाई फिरवू शकले असते. पण मुदत त्याच दिवसाची होती, आणि पुढे दुरुस्त्या होतातच, अशी मी मनाची समजूत घातली. नकाशा गेला. दुरुस्त्या झाल्या नाहीत.

वसाहत झाली. पक्की घरं, नळ, गटारं, सरळ रस्ते. सगळं बरोबर होतं, फक्त संध्याकाळी बाहेर कुणी दिसत नसे. पाट्टी दारापर्यंत येई आणि आत जाई. बसायला कुठे जागाच नसली तर माणूस कशाला निघेल? मामांनी हे पाहिलं. मला म्हणाले, “चूक माझी. शाईस मीच उशीर केला.” त्या वेळी मी बोलायला हवं होतं. मी त्यांच्या छत्रीच्या मुठीकडे पाहत राहिले.

पुढे दर शनिवारी ते घडीचं स्टूल काखेत मारून बसने वसाहतीत जाऊ लागले. पाट्टीला बाहेर काढायचं, ठरल्या जागी स्टूल मांडायचं, ती बसली की स्वतः उभं राहायचं. हलती तिण्णै म्हणून लोक हसत. “हललें तर हललें,” ते म्हणत, “तिण्णै ती तिण्णैच.” त्यांची बायको त्याआधीच गेली होती, मुलगा परदेशात. शनिवार सोडला तर ते कुणाशी बोलत असतील, हे मी कधी विचारलं नाही.

या वर्षी पोंगलनंतर मामा गेले. झोपेतच. मुलगा चार दिवसांसाठी आला, घर रिकामं केलं आणि काही हवं का म्हणून मला विचारलं. मी स्टूल मागितलं.

आता कार्यालयात मराठी बोलायला कुणी नाही. दिवसभर तमिळ, घरी पुस्तकं. जे सांगायचं राहिलं ते मला मराठीतच सांगायचं होतं, आणि ऐकणारा एकच होता.

पहिल्या शनिवारी मी वसाहतीत गेले. पाट्टीने आधी स्टूल ओळखलं, मग मला. आम्ही चाललो. पहिल्या जागी ती बसली आणि मी उभी राहिले. “रायर उभं राहून काहीतरी बोलायचे,” ती म्हणाली. “त्यांच्या भाषेत. मला काही कळायचं नाही, पण वेळ जायचा. तू मुकी आहेस का?”

मी म्हणाले, “मामा, मला दिसलं होतं. वर्तुळं उमटली नाहीत तेव्हा मला दिसलं होतं.”

पाट्टीने मान डोलावली. “सरी,” म्हणजे ‘बरं’, म्हणाली, आणि माझा हात धरून उठली. मी स्टूल मिटवलं. पुढची जागा अजून लांब होती.