बियाण्याचा अंदाज

कुणी ठामपणे काही सांगू लागलं, की बाई अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढायच्या, तिच्या टोकाकडे बघायच्या आणि शांतपणे विचारायच्या, "असं तुम्हाला वाटतं, की ठाऊक आहे?"

या प्रश्नाला आमच्या संघात सगळेच दचकत. "दूध संपलं वाटते," असं म्हणून शिपाई लगेच जीभ चावायचा आणि भांडं बघायला पळायचा. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. त्याच्यासमोर आपण आपलं वाक्य तपासून मगच बोलतो.

महाराष्ट्र नवा होता, तालुक्याचा आमचा खरेदी-विक्री संघही नवाच होता, आणि मी त्याच्या गोदामावर कारकून होतो. बाई नागपूरला संख्याशास्त्र शिकलेल्या. जिल्ह्याच्या कचेरीनं त्यांना एका हंगामापुरतं आमच्याकडे धाडलं होतं. आम्हाला वाटलं, हिशेब तपासायला आल्या. पहिल्या दिवशी आम्ही टेबलं पुसून बसलो. बाईंनी टेबलांकडे पाहिलंसुद्धा नाही. "गावांकडे एसटी कधी सुटते?" एवढंच विचारलं.

त्या मूळच्या लोणारकडच्या. कचेरीत शुद्ध बोलत. पण एसटीतून उतरून पायवाटेला लागल्या, की भाषा बदले. मी मागे पडलो की म्हणत, "चाला ना भाऊ! काऊन रेंगाळून राह्यले?"

प्रश्न होता संकरित ज्वारीच्या बियाण्याचा. ते नुकतंच निघालं होतं आणि जिकडे तिकडे त्याचाच बोलबाला होता. आमचे अध्यक्ष मोठे जमीनदार. आवाज मोठा, मनही मोठं. त्यांनी सभेत विचारलं, "बियाणं कोणाकोणाले पाह्यजे?" सगळे हात वर. "मंग वॅगनभर मांगवा!"

कोपऱ्यातून बाईंचा तो प्रश्न आला. अध्यक्ष उखडले. "अख्ख्या सभेनं हात वर केले, दिसले नाई काय तुमाले?"

"दिसले," बाई म्हणाल्या. "जे सभेला आलेच नाहीत, त्यांचे हात नाही दिसले."

हे बियाणं वर्षभर ठेवलं तर धड उगवत नाही. उरलं तर नवा संघ तिथंच बसला, आणि कमी पडलं तर शेतकरी व्यापाऱ्याच्या दारी गेला तो कायमचा. माझं लग्न नुकतंच झालं होतं. संघ बुडाला तर पगारही गेला, हे वॅगन हा शब्द ऐकताच मी मोजून घेतलं होतं. अध्यक्षांनी बाईंकडे रोखून पाहिलं आणि म्हणाले, "जा, पाहून या. पण लवकर."

बाईंची पद्धत अशी. गावातल्या प्रत्येक घराची चिठ्ठी करायची, सगळ्या चिठ्ठ्या गडूत टाकून हलवायच्या आणि गावातल्याच कुणाला तरी उचलायला लावायच्या. ज्याची निघेल त्याच्याच घरी जायचं. अमडापूरला एक बडे शेतकरी आमच्यासाठी बैठक झाडून, पानाचा डबा मांडून बसले होते. त्यांची चिठ्ठी निघालीच नाही.

"म्हंजे? माह्या घरावरून तुमी सरळ चालल्या?"

"तुमी तं सभेत बोलता दादा," बाई हसून म्हणाल्या. "आज न बोलणाऱ्याची पाळी हाय."

एक चिठ्ठी बौद्ध वस्तीतली निघाली. दारात एक म्हातारी शेण्या थापत होती. आम्हाला बघून गडबडीनं उठली, हात पदराला पुसले.

"हपिसातलं कोणी आजवर इकडं आलं नाई बाई. तुमी चुकून तं नाई आल्या?"

"नाई आजी. तुमच्याच घरी आली. नाव निघालं तुमचं."

म्हातारीनं सुनेला हाक मारून बाज टाकायला लावली. बाईंनी तिला विचारलेला प्रश्न आमच्या संघात कुणालाच सुचला नव्हता: नव्या ज्वारीची भाकर करून पाहिली का?

"पाह्यली तं! मागच्या साली कापणीची मजुरी म्हणून तेच दाणे भेटले. दाणा लय देते बाई, खोटं कायले बोलू? पण भाकर जुडत नाई, थापता थापता फाटते. अन् कडबा इतकुसा." तिनं कंबरेजवळ हात धरला. "आमी भाकर तोडून पोरायले चारू, पण बैलाले काय चारू? पेरीन मी. पण एका कोपऱ्यात. थैलीभर बी देता का? थैलीभर कोणी देत नाई, अख्खं पोतंच घ्या म्हणते."

रोहिणखेडकडे बाईंच्या ओळखीचं एक घर होतं. तिथंही त्या मला घेऊन गेल्या. चुलीपाशी बसून भाकरीचाच प्रश्न विचारला आणि उत्तर तेच आलं. परतताना एसटीत म्हणाल्या, "हे धरायचं नाही हं. हे घर चिठ्ठीत नव्हतं." असल्या बाबतीत त्या स्वतःलाही सोडत नसत.

मग आकडेमोड झाली आणि बाईंनी सांगितलं: वॅगन नको, तिच्या पावपट मागवा, आणि त्यातलं निम्मं लहान थैल्यांतून.

"अन् अंदाज चुकला तं?" अध्यक्षांनी विचारलं.

"चुकणारच. थोडाफार."

"चुकणारच हाय तं मंग उन्हातान्हात फिरल्या कायले?"

"किती चुकेल, ते सांगता यावं म्हणून," बाई म्हणाल्या. त्यांनी कागदावर दोन रेघा ओढल्या, एकीवर कमीत कमीचा आकडा लिहिला, दुसरीवर जास्तीत जास्तचा. "मागणी या दोन्हींच्या मधे राहील. बाहेर गेली तर पुन्हा माझं ऐकू नका."

अध्यक्षांनी तो कागद पुढे ओढला आणि सही केली. तेवढ्यासाठी तरी मी त्या माणसाला आजही मानतो.

पेरणीची वेळ आली आणि पहिल्याच दिवशी मोठ्या शेतकऱ्यांच्या गाड्या दारात उभ्या राहिल्या. थप्प्या भराभर उतरू लागल्या. अध्यक्ष गोदामात येत, थप्पीकडे बघत आणि परत जात. बाई रोज सकाळी येऊन दाराशी बसत. हात मांडीखाली दाबून धरलेले असत. मी एकदा धीर द्यायला म्हणालो, "पुरेल बाई." तर नेहमीचा प्रश्नही त्यांनी विचारला नाही. नुसती मान हलवली.

मग मोठ्यांची गर्दी ओसरली. लहान थैल्यांसाठी माणसं येऊ लागली. कोणी पायी, कोणी बाजाराला आलेली. आणि एका दुपारी कोणीच आलं नाही. मी आत जाऊन पाहिलं. कोपऱ्यात थोड्याशा थैल्या उरल्या होत्या. मागणी दोन रेघांच्या अगदी मधे आली होती. तेवढ्यात अध्यक्ष बातमी घेऊन आले: दुसऱ्या एका तालुक्यानं वॅगनभर मागवलं होतं, तिथलं गोदाम अजून छतापर्यंत भरलेलं होतं.

पुढच्याच आठवड्यात बाईंना दुसरीकडे बोलावणं आलं. मग त्या मुंबईला मोठ्या जागेवर गेल्याचं ऐकलं. पुन्हा भेट झाली नाही. आता त्या नाहीत.

पण बातमी आली ती दुपार मला स्पष्ट दिसते. बाईंना सांगायला आम्ही बाहेर धावलो, तर त्या निंबाखालच्या खुर्चीत गाढ झोपल्या होत्या. मान एकीकडे कललेली, तोंड किंचित उघडं, पायातली एक चप्पल निसटलेली. इतक्या दिवसांची झोप त्यांना एकदमच लागली होती. ऊन फांद्यांतून सरकून त्यांच्या चेहऱ्यावर आलं. अध्यक्षांनी आपली छत्री उघडली आणि तिची सावली त्यांच्यावर धरून ते उभे राहिले. सगळा तालुका ज्यांचा आवाज ओळखत असे, ते अध्यक्ष पाठीवर पोतं घेऊन येणाऱ्या हमालाला कुजबुजत म्हणाले, "हळू ठेव, बाप्पा. हळू."