राखणदाराची चिलीम

बाबलीच्या होडीत बसलेला टुरिस्ट डॉल्फिन बघून झाले की हळूच पुढे सरकतो आणि विचारतो, "काका, इकडे माल मिळतो का?" बाबली इंजिनाचा आवाज कमी न करता सांगतो, "मिळतो ना. बांगडो देऊ की सुरमई?" टुरिस्ट खजील होऊन पुन्हा समुद्राकडे बघायला लागतो. हा बाबलीचा ठरलेला विनोद. गेल्या गणपतीनंतर मात्र तो त्यानं केलेला नाही.

देवबागच्या रस्त्यावर खाडीच्या अंगाला आमची वाडी आहे. बाबली इथला गाऱ्हाणं घालणारा. गाऱ्हाणं म्हणजे नारळ हातात घेऊन सगळ्यांच्या वतीनं देवाशी मोठ्यानं बोलायचं. प्रत्येक वाक्य संपलं की जमलेल्या लोकांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. होडी पाण्यात घालायची असो, भावाभावांची वाटणी असो, बाबलीनं गाऱ्हाणं घातलं आणि वाडी व्हय म्हणाली की ते पक्कं. मग कोर्टाचा कागदसुद्धा त्याच्यापुढे फिका. हा मान त्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या आहे. बाकी त्याच्याकडे एक होडी, दोन जाळी आणि कौलारू घर. बायको सुगंधा, मुलगा विनीत. विनीत टुरिस्टांना पाण्याखाली मासे दाखवायला नेतो. मी शेजारची, पण तो मला आत्या म्हणतो.

वाडीच्या टोकाला पिंपळाखाली राखणदाराचा, म्हणजे वाडी राखणाऱ्या देवाचा, दगड आहे. पावसाळा संपून होड्या पुन्हा समुद्रात जायच्या आधी त्याला राखण द्यायची. कोंबडा, बाटली, विड्या आणि एक चिलीम. चिलमीत तंबाखू, आणि तंबाखूत चिमूटभर गांजा. पूर्वी एक बैरागी यायचा, तो देऊन जायचा. बैरागी यायचा बंद झाला, चिलीम बंद झाली नाही. ती पुडी आता कुठून येते, हे बाबलीला कुणी विचारत नाही. चिलीम विझली की तिची राख अंगारा म्हणून सगळे कपाळाला लावतात. मीही लावलेली आहे.

गेल्या वर्षी गणपती गेल्यावर विनीत कणकवलीला स्टँडबाहेर पकडला गेला. खिशात पुडी. दुसऱ्या दिवशी जामिनावर सुटून तो एसटीनं परत यायच्या आधीच त्याचा फोटो वाडीच्या ग्रुपवर येऊन पडला होता. खाली हात जोडल्याच्या खुणा, "संस्कार" असे शब्द. लिहिणाऱ्यांतले निम्मे संध्याकाळी होड्यांच्या आडोशाला काय ओढतात ते मला माहीत आहे. पण ते जाऊ द्या.

त्याच दिवसांत मी वही घेऊन घरोघर फिरत होते, मत लिहायचं आणि खाली सही घ्यायची. गांजा कायद्यानं मोकळा करावा की नाही, यावर टीव्हीत शहाणी माणसं भांडत होती. म्हटलं, आपल्या लोकांना कोण विचारतंय, आपणच विचारू. माझं म्हणणं मी लपवत नाही. विकणाऱ्याला धरा, पण चिमूटभर बाळगणाऱ्या पोराला वर्षभराच्या कैदेची भीती दाखवणारा कायदा मला मान्य नाही. लोकांचं म्हणणं मात्र मला दोन दोन मिळत होतं. पुढच्या दारात विचारलं की "नको गो बाय, सत्यानाश होतलो." तेच घर मागच्या दारानं गाठलं की "केलो मोकळो तर काय बिघडला? दारवेपेक्षा बरो."

चंदनचं होमस्टे आहे. तो म्हणाला, "मोकळा झाला तर धंदा वाढेल, पण माझं नाव लिहू नको." राधाबाई म्हातारी, तिला पुढचं दार मागचं दार सारखंच. ती म्हणाली, "माझो घोव दारू पिऊन मेलो. तेका परमिट होता. कायदो कोणी केल्यान तेका माझ्याकडे धाड."

सगळ्यात ठाम होते भाई. मुंबईत बंदरावर नोकरी करून निवृत्तीनंतर परत आलेले, देवस्थान कमिटीचे अध्यक्ष. त्यांचा पुतण्या तिकडे नशेत गेला. गांज्यापासून सुरुवात करून पुढे कुठे पोचला, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलंय. त्यामुळे त्यांना मी ढोंगी म्हणणार नाही. हट्टी म्हणेन.

भाईंनी ठरवलं की राखणीच्या आधी वाडी बोलवायची आणि गांजाबंदीचं गाऱ्हाणं घालायचं. ज्याच्या घरात गांजा येईल, त्या घराला राखणीत जागा नाही, त्यांच्या होडीला कुणी हात लावायचा नाही, त्यांच्या लग्नाला कुणी जायचं नाही. घराचं नाव घेतलेलं नव्हतं. घ्यायची गरजही नव्हती.

मी त्यांच्या अंगणात जाऊन सांगितलं, "भाई, ह्याला वाळीत टाकणं म्हणतात. गुन्हा आहे तो. महाराष्ट्रात त्याच्यासाठी वेगळा कायदा झालाय."

"आम्ही खंय वाळीत टाकतो? आम्ही देवाक सांगतो," भाई म्हणाले. "तुझ्या कायद्याक सांग, राखणदाराक नोटीस धाड."

आता ते गाऱ्हाणं घालणार कोण? बाबलीच. आपल्याच मुलाला वाडीतून तोडायचं, तेही आपल्याच तोंडानं.

सभा रविवारी दुपारनंतर होती. मी सकाळीच बाबलीकडे गेले. तो पडवीत जाळं पसरून बसला होता, पण हातातली सुई चालत नव्हती. विनीत विहिरीवर पाण्याखाली श्वास घ्यायच्या नळ्या धूत होता. पकडला गेल्यापासून तो बापाशी बोलत नव्हता, हे मला सुगंधानं आधीच सांगितलं होतं.

"गाऱ्हाणं घालायला नाही म्हण," मी म्हटलं. "तब्येत बरी नाही म्हण. बाकीचं मी बघते."

"किशोरी, ती पुडी माझी."

"तुझी?"

"म्हंजे तेची." त्यानं पिंपळाकडे मान केली. "औंदा माझे गुडघे धरले होते. विनीताक मीच धाडलंय. पोलिसांनी इचारल्यानी, कोणाची? ह्यो म्हणालो, माझी. माझा नाव नाय घेतल्यान."

मी वळून विनीतकडे बघितलं. मग राग आला. "आणि तू गप्प बसलास? वाडी त्याला चरसी म्हणते आणि तू जाळं विणत बसलायस?"

"सांगलंय तर मान जायत गो. बापाशीचो मान. आणि पोलीस माका नेतले ता येगळाच."

सुगंधा आतून बाहेर आली. हातात पळी तशीच. "मान घाला चुलीत. झील जाता तेचा काय?" तिनं पळीनं विनीतकडे दाखवलं आणि माझ्याकडे वळली. "आठ दिवस सांगतंय. माझ्या समोर हू की चू नाय. देवासमोर मात्र तास तास बोलता ह्यो माणूस."

विनीत विहिरीवरूनच म्हणाला, "आत्या, तू ह्याच्यात पडू नको. बाबा काय बोलूचे नाय. मी गोव्याक जातंय. तिकडे काम आसा."

बापानं मान वर केली नाही. मी तापून बाहेर पडले. त्या दिवशी कुणी मला विचारलं असतं, तर बाबलीचं नाव मी भेकडांत पहिलं सांगितलं असतं.

पिंपळाखाली वाडी जमली. बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला. विनीत लांब, खाडीच्या बांधावर बसला होता. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं, म्हणजे सगळे बघत होते. भाईंनी पुतण्याची हकीकत सांगितली. मी उठून कायद्याचं सांगायला लागले, तर मागून कुणीतरी म्हणालं, "बस गो वकिलीण." मी बसले नाही. शेवटी आवाजात आवाज मिसळून काहीच ऐकू येईना.

तेवढ्यात राधाबाई म्हणाली, "भाई, एक इचारतंय. गांजो बंद. बरा झाला. मगे राखणदारान औंदा काय ओढूचा?"

हसू फुटलं आणि लगेच विझलं. जो तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागला.

"अगरबत्ती लावू," भाई म्हणाले.

"चिलमीत?"

"राधाबाय, तू गप ऱ्हव. बाबली, घाल गाऱ्हाणा."

बाबली उठला. नारळ घेतला. गुडघा दुखत असणार, दगडापर्यंत जायला त्याला वेळ लागला. भाई त्याच्या कानाशी काय बोलायचं ते सांगून मागे सरले. मी सुगंधाकडे बघितलं. तिनं पदराचं टोक दातात धरलं होतं.

"बा राखणदारा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आज ही तुझी लेकरां तुझ्या पायांकडे जमली आसत. वाडीत नशा नको, पोरांचो नाश नको, असा तेंचा म्हणणा आसा रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

भाईंनी समाधानानं मान हलवली.

"वर्साक तुका आम्ही राखण देताव. कोंबो देताव, बाटली देताव, चिलीम देताव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"ती चिलीम मी भरतंय. तेच्यात काय आसता, ता ह्यां सगळ्यांका ठावक आसा रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." तोंडातून निघून गेलं. गाऱ्हाण्याला एक चाल असते, होडी ओढताना असते तशी. एकदा हात लागला की मधेच सोडता येत नाही.

"औंदा ती पुडी हाडूक मी माझ्या झिलाक धाडलंय. तो पकडलो. तेणा बापाशीचा नाव लपवल्यान. गुन्हेगार तो नाय, गुन्हेगार मी आसंय रे म्हाराजा."

"व्हय म्हा..." अर्ध्यांनी म्हटलं, अर्ध्यांच्या घशात राहिलं. बांधावरचा विनीत उभा राहिला. भाई पुढे आले, पण नारळ हातात असलेल्या माणसाला कुणी अडवायचं नसतं. ते तिथंच थांबले.

बाबलीनं नारळ आणखी वर धरला. "जो दंड झिलाक, तो माका होवंदे. आणि मी चुकलंय, तर ह्या चिलमीचो अंगारो ज्यांनी ज्यांनी कपाळाक लावलो, ते सगळे चुकले. तोडूचा तर सगळ्यांका तोड, सांभाळूचा तर सगळ्यांका सांभाळ रे म्हाराजा."

व्हय आलंच नाही. पिंपळाची पानं तेवढी वाजत होती. आणि बाबली नारळ घेऊन तसाच उभा. व्हय आल्याशिवाय नारळ फोडता येत नाही, आणि न फोडता खालीही ठेवता येत नाही.

"व्हय म्हाराजा," राधाबाई म्हणाली. एकटीच. मग सुगंधा. मग मी. मग पुरुषांतून एक जाड आवाज, मग दुसरा, मग सगळी वाडी, कुणी मोठ्यानं, कुणी नुसते ओठ हलवून. भाई शेवटी. खालच्या मानेनं, पण म्हणाले. मी ऐकलं.

नारळ फुटला.

"तुका सांगलेला ता तू बोललंस नाय," भाई चिडून म्हणाले.

"दुसरो नारळ आसा," बाबली म्हणाला. "ता तुम्ही घाला."

तो मान बाबलीच्या घराचा, त्यामुळे भाईंना ते करता येणार नव्हतं, आणि झालेलं पुसताही येणार नव्हतं. विनीतच्या घराला तोडायची गोष्ट तिथंच संपली.

पण केस संपली नव्हती. कणकवलीतल्या कागदावर अजून एकट्या विनीतचं नाव होतं, आणि पोलीस राखणदाराला विचारून लिहीत नाहीत. मी बाबलीला म्हटलं, "देवाला सांगितलंस. आता तेच साहेबाला सांग." तो पिंपळाच्या मुळावर बसला होता. गुडघा चोळत राहिला. मग म्हणाला, "देव पिंजऱ्यात घालणा नाय गो." आणि लगेच, "उद्या जावया."

वाडीत दर वर्षी चिलीम चढते, हे सांगायला साक्षीदार कोण येणार, असं मी तिथल्या तिथं विचारलं. मघाशी व्हय म्हणणारी सगळी तोंडं फिरली. कुणाच्या म्हशीची धार राहिली होती, कुणाकडे पाहुणे येणार होते. चंदन म्हणाला, "माझ्या लायसनचं बघ ना जरा." मी त्याला जे बोलले ते इथं लिहीत नाही.

सकाळी एसटीच्या थांब्यावर आम्ही पाचच होतो. बाबली, सुगंधा, विनीत, राधाबाई आणि मी. गाडी वळणावर दिसली तेव्हा भाई आले. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट.

"माझा मत बदललेला नाय हां किशोरी," ते म्हणाले. "गांजो वायटच. मोकळो करूक माझी सही तुका मेल्यार पण मिळाची नाय."

"मग कशाला आलात?"

"काल व्हय म्हटलंय ना," असं म्हणून ते माझ्या आधी गाडीत चढले.

पोलीस ठाण्यातला साहेब तरुण होता. त्यानं सगळं ऐकलं, पेन टेबलावर ठेवलं. "काका, हे लिहून दिलंत तर तुमच्यावरही गुन्हा होऊ शकतो. मुलगा सुटेलच असंही नाही. विचार करा."

"बाबा, नको," विनीत म्हणाला.

बाबलीनं त्याच्याकडे बघितलंही नाही. "लिहा साहेब," तो म्हणाला. वाडीबाहेरच्या मराठीत बोलताना त्याला शब्द शोधावे लागत होते. "पुडी मी आणायला सांगितली. देवाच्या चिलमीला. मुलगा ओढत नाही."

"देवाला गांजा?" साहेबानं आमच्याकडे बघितलं. "खरं आहे हे? कोण सांगणार?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात भाई खुर्चीवरून उठले. "मी देवस्थान कमिटीचा अध्यक्ष. खरं आहे. माझ्या आजोबांच्या आधीपासून आहे. मला ते आवडत नाही, तेही लिहा. पण तो अंगारा मी कपाळाला लावलेला आहे."

साहेब लिहायला लागला. बाबलीनं वाचून न घेताच सही केली. मी कागद ओढून घेतला, ओळन् ओळ वाचली आणि मगच परत दिला. एकाच केसमध्ये आता दोन नावं होतील की एक वगळलं जाईल, हे कोर्ट सांगेल. मी वकिलाला भेटून आलेय, तोही नक्की काही सांगत नाही.

बाहेर पायऱ्यांवर बाबलीचा गुडघा धरला. तो कठड्याला टेकून उभा राहिला. सुगंधा पुढे गेली होती, राधाबाई भाईंशी दारूच्या परमिटवरून भांडत होती. विनीत दोन पायऱ्या उतरला होता. तो मागे वळला, वर आला आणि बापाच्या दंडाखाली हात घातला.

"चला बाबा," तो म्हणाला. "यष्टी चुकतली."