सुंदरबाईच्या तलंगा

आश्रुबानं गळ्यात तुळशीची माळ घातली त्या दिवशी अख्खी वाडी त्याच्या पाया पडली. पडली नाही ती एकटी त्याची बायको, सुंदरबाई. सप्ताहाच्या मांडवात बायका तिला कोपरानं ढोसत होत्या, "अगं, जा की, पड पाया." ती पदर आवळून जागची हलली नाही. दारू सुटली हे खरं होतं. पण बाटली धरणारा हात तोच होता, आणि त्या हाताचे वळ तिच्या पाठीनं उसाच्या फडात, पाचटाच्या खोपटांत, वर्षानुवर्षं सोसले होते. घरी आल्यावर चुलीत फुंकर घालता घालता ती म्हणाली, "देवानं न्हाई सुटली दारू. डाक्टरनं भेवडावलं म्हणून सुटली." आश्रुबा दोन हातांच्या अंतरावर बसला होता. त्यानं ऐकलं आणि डोळे मिटून घेतले. माळ घातल्यापासून राग आला की तो डोळे मिटायचा. ते तिला शिवीपेक्षा वाईट वाटायचं.

लग्न झाल्यापासून सुंदरबाईची एकही दिवाळी नीट सरली नव्हती. पणत्या विझायच्या आत मुकादमाचा ट्रक दारात उभा राहायचा. घराला कुलूप, भांडीकुंडी पोत्यात, आणि चार-पाच महिने साखर कारखान्याच्या रानात ऊस तोडायला. दर आषाढात ती हौसेनं कोंबडीची चार पिल्लं वाढवायची. दिवाळीपर्यंत त्यांच्या तलंगा व्हायच्या, तुरे लाल व्हायला लागायचे, आज-उद्या अंड्यावर येतील असं वाटायचं, आणि ट्रक यायचा. मग त्या कुणाच्या तरी डालग्यात जायच्या, नाहीतर निघायच्या दिवशी टोळीच्या रश्शात. आपल्या तलंगीचं पहिलं अंडं तिनं जन्मात बघितलं नव्हतं.

गेल्या हंगामात मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढताना आश्रुबाची कंबर गेली. यंदा पोरगा युवराज आणि सून तेवढे कोयत्यावर गेले, ही दोघं वाडीत राहिली. सुंदरबाईनं तलवाड्याच्या बहिणीकडून आषाढातच सहा पिल्लं आणून ठेवली होती.

आश्रुबानं तेव्हाच तोंड फिरवलं होतं. "माळकऱ्याच्या घरात कोंबड्या?"

"कोंबडी काय तुमच्या ताटात येऊन बसती का?"

"लोक काय म्हणतील?"

"लोकांनी तुमाला गटारीतून उचलून आणलं तवा काय म्हणले ते इचारा आधी."

शेवटी त्यानं निवाडा केल्यासारखं सांगितलं. इच्चूकिडे खातात, पाखरं म्हणून राहू दे. "पण ज्या दिवशी या दारात अंडं पडंल, त्या दिवशी त्या तरी राहतील न्हाईतर मी तरी."

"बघू," ती म्हणाली.

तेव्हापासून दोघंही एकाच गोष्टीची वाट बघत होती. ती सकाळी खुराड्याची फळी सरकवून एकेकीला मांडीत घ्यायची, शेपटीखालची हाडं बोटांनी चाचपायची, तुऱ्याचा रंग बघायची. तो पडवीत टाळ पुसत बसायचा आणि तिरक्या नजरेनं तिचा चेहरा वाचायचा. मार्गशीर्ष लागला. थंडी पडली तशी सहातली काबरी सगळ्यांच्या पुढं गेली. तिचा तुरा जास्वंदीसारखा झाला, आणि पाठीवर हात टेकला की पंख पसरून ती खाली बसायला लागली. सुंदरबाईला कळलं, हिची वेळ आली. शेळीच्या दावणीमागं अंधाऱ्या कोपऱ्यात तिनं फुटक्या घमेल्यात बाजरीचं वाळलं सरमाड चुरून घातलं. संध्याकाळी बघते तर घमेलं उकिरड्यावर पालथं.

"पाय लागला," आश्रुबा म्हणाला.

"उकिरड्यापत्तुर लागला?"

तिनं घमेलं उचलून परत जागेवर ठेवलं.

त्याच्या जिवाला घरापेक्षा देवळात जास्त लागत होतं. हरिपाठाला जमलेली माणसं त्याला महाराज म्हणायची आणि मग हळूच विचारायची, "महाराज, आज अंडाकरीचा निवद हाय म्हणं?" एकदा भजनी मंडळाचे पुढारी मोहनराव सगळ्यांदेखत बोलले, "आश्रुबा, घर झाडल्याबिगर देव येत नसतो." तो त्या रात्री जेवला नाही.

पुढच्या बाजारच्या दिवशी सुंदरबाई मीठमिरची आणायला पाटोद्याला गेली. दुपार कलल्यावर परत आली तेव्हा अंगण गप्प होतं. एरवी पिशवीची चाहूल लागली की सहाही जणी पायात घोटाळायच्या. तिनं "आ आ आ" करून हाक मारली. शेळी तेवढी ओरडली.

शेजारची मंगल भिंतीवरून डोकावली. "मावशे, ढाब्यावरचा सुग्रीव आलता गाडीवर. पाय बांधून उलट्या लटकावून नेल्या. मालकानंच धरून दिल्या की."

आश्रुबा पडवीतच होता. ती त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"कुठं हायेत?"

"दिल्या. एक पैसा घेतला न्हाई."

"कुणाला? त्या ढाबेवाल्याला?"

"त्यानं काय करायचं ते त्याचं पाप." आणि त्यानं डोळे मिटले.

तिला वाटलं, आता ह्याच्या डोळ्यांत मिरची कोंबावी. पुडी पिशवीतच होती. तिनं सामान ओट्यावर ओतलं आणि रिकामी पिशवी घेऊन डांबरी रस्त्याच्या दिशेनं चालू लागली.

सुग्रीव ढाब्यामागं कांदे सोलत होता. तिला बघून उठला. "वैनी, महाराजांनी स्वतः दिल्यात बरं का. मी मागाय गेलतो न्हाई."

"किती उरल्यात?"

"चार. दोन गेल्या. गिऱ्हाईक बसलं होतं."

जाळीच्या पिंजऱ्यात चौघी एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. काबरी नव्हती.

सुग्रीवला राहवलं नाही. "काबरीच्या पोटात अंडं सापडलं, वैनी. कवच धरल्यालं. उद्या सकाळी घातलंच असतं बघा तिनं."

"कुठंय ते?"

"रश्शात टाकलं. गिऱ्हाईक खूश झालं."

सुंदरबाईनं पिंजऱ्याचं दार उपटलं आणि चौघींना पिशवीत भरलं. तो मध्ये पडला नाही. "न्या की. मला तुमच्या घरातलं भांडण कशाला?" असं म्हणत कांद्याकडं वळला. तो माणूस म्हणून वाईट नव्हता, पण त्या क्षणी तिला त्याच्याच सुरीनं त्याची बोटं कापावी असं वाटून गेलं.

ती घराकडं गेली नाही, देवळाकडं गेली. दिवेलागण झाली होती, हरिपाठ रंगात आला होता. आश्रुबा दुसऱ्या ओळीत, कपाळाला बुक्का, हातात टाळ. पिशवीतल्या तलंगा कलकलत होत्या, त्या आवाजानंच अर्धी माणसं मागं वळली.

"सुंदरबाई, हरिपाठ चाललाय," मोहनराव म्हणाले.

"चालू द्या की. मला एकच इचारायचंय. अंडं पडलं तर पाप, असं हे म्हणत्यात. मग पोटात अंडं असल्याली कोंबडी जित्ती धरून कापायला दिली, त्याला काय म्हणत्यात? तुमच्या पोथीत बघून सांगा."

टाळ थांबले. मागच्या ओळीत कुणीतरी फसकन हसलं.

"घरी चल," आश्रुबा दातओठ खात म्हणाला. "घरी बोलू."

"घरी मला जीभ हाय अन् तुमाला हात हाय. हितंच बोला."

तो उठला आणि टाळासकट त्याचा हात वर गेला. कंबर दुखते म्हणणारा माणूस, पण हात कसा सरळ वर गेला. देवासमोर, समईच्या उजेडात, सगळ्यांनी बघितला.

ती मागं सरली नाही. "मारा. आजपत्तुर लोकांनी नुसतं ऐकलंय."

हात तसाच राहिला, मग हळूहळू खाली आला. तिनं मोहनरावांकडं बघितलं. एवढा मोठा माणूस, काहीतरी बोलेल असं तिला वाटलं होतं. मोहनरावांनी नजर खाली ठेवली आणि पुढचा अभंग धरला, नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं. बाकीचे लगबगीनं मागं म्हणू लागले. सुंदरबाई पिशवी घेऊन पायऱ्या उतरली. त्यांच्या भजनाचा तिला तितकाच राग आला होता जितका त्याच्या हाताचा.

आश्रुबा काही दिवस देवळाच्या ओवरीत झोपला. आधी घराघरातून ताट यायचं, मग येईनासं झालं. कुणाची बायको म्हणाली, "त्याची बायकू काय मेली का?" एका सकाळी तो घोंगडं काखेत मारून परत आला. तोवर सुंदरबाईनं पडवीत तुराट्यांचा तट्टा बांधून दोन भाग केले होते. अलीकडं चूल, शेळी, खुराडं. पलीकडं त्याची वळकटी. ती भाकरी करून तट्ट्याच्या खालून थाळी सरकवायची. दोघांत शब्द नव्हता.

मग पौषातल्या एका सकाळी काळी तलंग बाहेर पडेना. ती दावणीमागं जायची, घमेल्यात बसायची, परत उठायची, चोचीनं सरमाड अंगाखाली ओढायची, घशातून कुरकुर करायची. सुंदरबाई शेळीच्या खुंट्याजवळ उकिडवी बसली. तिनं शेळीला वैरण टाकली नाही की भांड्याला हात लावला नाही, आवाज होईल म्हणून. ऊन ओट्यावर चढलं. एकदम काळी उभी राहिली, मान ताणली, आणि थोड्या वेळानं अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असं कोकलत बाहेर धावली.

तट्ट्यापलीकडून आवाज आला. "पडलं?"

"पडलं."

"मी काय बोललोतो, ध्यानात हाय का?"

"हाय. त्या तरी न्हाईतर तुमी तरी. त्या हितंच हायेत. तुमाला दार माहीत हाय."

तो गेला नाही. जाणार कुठं?

अंडं लहान होतं, लिंबाएवढं, कवचावर रक्ताची बारीक रेघ. तिच्या तळहातावर ते गरम होतं. आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते हेच, असं म्हणून तिनं ते उलटंपालटं करून बघितलं. तिला हसू येईल, रडू येईल, असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. तिला काबरीच आठवली, आणि रश्शात बोट बुडवणारं कुणी अनोळखी गिऱ्हाईक.

तिनं त्याच चुलीवर अंडं उकडलं, सोललं आणि तट्ट्याच्या तोंडाशी उभं राहून, त्याला दिसेल असं, मीठ लावून खाल्लं. एवढंसं ते, दोन घासांत संपलं. त्यानं तोंड भिंतीकडं केलं.

दुपारी तो म्हणाला, "भाकर दे."

तिनं थाळी सरकवली.

"त्याच भांड्यात..."

"घासलंय. खायचं तर खा."

त्यानं खाल्लं.

पुढं चौघीही घालायला लागल्या. देवळात आश्रुबाला आता कुणी महाराज म्हणत नाही, तो मागच्या ओळीत बसतो. तट्टा अजून तसाच आहे. युवराजचा फडावरून फोन येतो, "आई, बाबा बोलत्यात का तुझ्याशी?" ती म्हणते, "बोलून काय करायचंय?" आणि पोराच्याच जेवणाखाण्याचं विचारायला लागते.

माघात एकदा सुग्रीव दारापुढं गाडी थांबवून हसत म्हणाला, "वैनी, ढाब्याला अंडी देता का? गावरान मागत्यात लोक."

सुंदरबाईच्या हातात खरकट्या पाण्याची बादली होती. तो गाडीला किक मारेपर्यंत बादली त्याच्या अंगावर रिकामी झाली होती.