दांडी मधोमध

“दांडी मंधात आना सलीमभाई, नाई तं आमचा नवरदेव घोड्यावरून उतरते!”

उंद्रीच्या मुख्य रस्त्यावर, भर उन्हात, नवरदेवाच्या काकांनी मला ही धमकी दिली. दांडी म्हणजे माझ्या लॅपटॉपच्या स्क्रीनवरची बोटभर पट्टी. तिच्यापायी लग्न अडलं होतं, आणि खरं सांगायचं तर चूक माझीच होती.

मी मेहकरचा. आधी रेडिओ दुरुस्ती केली, मग माइक-भोंगे भाड्यानं दिले, आणि भोंग्यांना कोणी विचारेना तेव्हा डीजे झालो. मोठे डीजेवाले बटणांचं वेगळं मशीन बाळगतात. माझ्याकडे लॅपटॉप, एक सॉफ्टवेअर आणि माउस. सगळा मिक्सर स्क्रीनवरच.

त्या वर्षी कपाशीवर बोंडअळी पडली होती. बीटी बियाणं लावलं की अळीची चिंता मिटली, असं ऐकून सगळ्यांनी तेच लावलेलं. बोंड फोडावं तर आत गुलाबी अळी आरामात बसलेली. साहजिकच लग्नं आटोपशीर झाली. एरवी वरपक्षाचा एक डीजे, वधूपक्षाचा दुसरा, आणि कोण कोणाचा आवाज दाबतो याची चढाओढ. या लग्नात मात्र दोन्हीकडच्यांनी मिळून एकच डीजे सांगितला. मुलगी उंद्रीची, मुलगा सुलतानपूरचा, डीजे मी. अट एकच होती, गाणी निम्मी-निम्मी.

नवरीचे वडील तुळशीरामभाऊ सकाळीच माझ्या सामानाच्या टेम्पोजवळ आले. स्क्रीनवरच्या दोन गोल चकत्या बघून त्यांनी विचारलं, “हे दोन काऊन?”

त्यांना डेक म्हणतात. एका डेकवर गाणं चालू असतं, दुसऱ्यावर पुढचं तयार ठेवायचं. त्यांच्या खाली एक आडवी पट्टी असते, तो क्रॉसफेडर. डावीकडे सरकवला की डावं गाणं ऐकू येतं, उजवीकडे सरकवला की उजवं. एवढंच सांगायचं होतं. पण मला शहाणपणा सुचला.

“भाऊ, डावा डेक तुमचा, उजवा पाहुण्यांचा. ही दांडी जिकडं, तिकडचं गाणं.”

तुळशीरामभाऊ हसून मांडवाकडे गेले. बाजूला नवरीचे मामा उभे होते, ते हसले नाहीत. त्यांनी हे ज्ञान नेऊन नवरदेवाच्या काकांना दिलं. नवरदेवाचे वडील तो लहान असतानाच गेलेले. काकांनीच त्याला वाढवलं, त्यामुळे त्या घरात काकांचाच शब्द चालायचा.

नवरदेव घोड्यावर बसला, मिरवणूक मारुतीच्या देवळाकडे निघाली, आणि हे दोघं प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन माझ्या टेम्पोत चढले. डावीकडे मामा, उजवीकडे काका, मध्ये मी. नाचायला मागे दोनशे माणसं होती, पण यांची नजर स्क्रीनवरून हलेना. मामांनी तर मोबाइलमधलं घड्याळ लावलं.

“तिकडं दांडी पाच मिनिटं राह्यली. आमच्याकडं साडेतीन.”

“मामा, ते गाणंच तेवढं आहे.”

“मंग आमाले मोठं गानं काऊन नाई भेटलं?”

गाण्याचा आवाज दाखवणारे दोन खांबही स्क्रीनवर खालीवर होत असतात. हिरवं असलं की ठीक. लाल झालं की आवाज फाटणार, मग गेन नावाची चकती फिरवून तो कमी करायचा. मामांनी तेही हेरलं.

“त्यांच्याकडं लाल लागून राह्यलं, आमच्याकडं नुसतं हिरवं!”

“लाल चांगलं नसतं मामा. आवाज फाटतो.”

“फाटू द्या ना. पन आमचाबी फाटू द्या!”

मी पाहुण्यांचा गेन उतरवला. लगेच काका ओरडले, “आमचं लाल काऊन काढलं बे?”

इतका वेळ सलीमभाई होतो, आता बे झालो. मग मामांचं गोंधळाचं गाणं लागलं आणि ते काही केल्या संपेना. काका उठून उभे राहिले, मी पुन्हा सलीमभाई झालो आणि त्यांनी ती धमकी दिली. दांडी मधोमध.

“काका, मध्ये ठेवली तर दोन्ही गाणी एकदम वाजतील.”

“वाजू द्या. कोनाचाच अपमान नाई.”

“हाव, मंधातच ठेवा,” मामा म्हणाले. त्या दिवशी दोघांचं एवढ्या एका गोष्टीवर एकमत झालं.

ठेवली. एकीकडून गोंधळाचं संबळ, दुसरीकडून नागिणीची पुंगी. रस्त्यावर लोळून नाग झालेला एक पाहुणा तोंडातला रुमाल काढून माझ्याकडे बघायला लागला. घोडा मागे सरकला. मी घाबरून, हाताच्या सवयीनं, दांडी डावीकडे ओढली.

“पाह्यलं? हा त्यांचाच मानूस हाये!” काका गरजले. “उतर रे खाली!”

नवरदेवानं बिचाऱ्यानं खरंच एक पाय रिकिबीतून काढला. “उतरू द्या, आमचं काय अडलं!” मामा म्हणाले. हे कळताच तुळशीरामभाऊ मांडवातून धावत आले. मुहूर्त जवळ आला होता, आत मुलगी नटून बसलेली. ते हात जोडून काकांसमोर उभे राहिले. मला स्वतःची लाज वाटली. माझ्या तोंडातून निघालेल्या एका वाक्यापायी तो माणूस तिथे हात जोडत होता.

लाज वाटली तसं डोकं चालायला लागलं. क्रॉसफेडर मध्ये असला की दोन्ही डेक सारखे मोकळे असतात. पण प्रत्येक डेकला आपापला एक उभा फेडर असतो, चॅनल फेडर. तो खाली केला की त्या डेकचा आवाज बंद. म्हणजे दांडीला हात न लावता गाणं बदलता येतं. आणि उभ्या फेडरांकडे या दोघांनी अजून पाहिलंही नव्हतं!

मी दांडी परत मध्ये आणली आणि खोक्यातून पारदर्शक चिकटपट्टी काढली. “काका, मामा, दोघं इकडं या. दांडी मधोमध आहे?”

दोघांनी वाकून बघितलं. काकांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. “हाये.”

मी दोघांच्या साक्षीनं स्क्रीनवर, दांडीच्या बरोबर वर, चिकटपट्टी लावली. “आता हिला कोणी हलवणार नाही.”

काकांनी नवरदेवाला पाय परत रिकिबीत घालायला सांगितलं. मी एक उभा फेडर उतरवला, दुसरा चढवला. एकदा संबळ, एकदा पुंगी. दोघं चिकटपट्टीवर नजर ठेवून समाधानानं बसले. मारुती झाला, मांडव आला, अक्षता वेळेवर पडल्या.

पंगत उठल्यावर तुळशीरामभाऊ माझ्यासाठी ताट घेऊन टेम्पोत आले. चिकटपट्टीकडे बोट दाखवून म्हणाले, “दांडी तं मंधातच होती. मंग गानी कशी बदलून राह्यली?”

या माणसाशी खोटं बोलवेना. मी उभे फेडर दाखवले, खालीवर करून दाखवले.

“जिनिंग मिलवर कापूस मोजाले नेतो ना आमी,” ते म्हणाले, “तं काट्यावाला आकडा दाखोते. आमी सारे त्या आकड्याकडंच पाह्यत राह्यतो. आकडा बराबर असते. तरी माल दरसाल कमी भरते. कुठून, ते आजवर नाई समजलं.”

मी ताट खाली ठेवलं.

“तुमी माह्या पोरीचं लगन लावलं, सलीमभाई. जेवा निवांत,” असं म्हणून ते पाहुण्यांना निरोप द्यायला गेले.

त्यानंतर मी एक नियम केला. गिऱ्हाइकाला मिक्सर समजावायचा तर सगळा समजावायचा, नाहीतर अजिबात नाही. अर्धवट समजलेला माणूस आपण दाखवू तिथेच बघत बसतो, आणि मग त्याला फसवायला फार अक्कल लागत नाही. लग्न लागलं याचा आनंद मला आहेच. पण ते किती सहज जमलं, हे आठवलं की अजून बोचतं.