मी वाचलेला कागद

२०१८ साल. मी एकसष्ट वर्षांचा. कुवेतला, शर्क भागातल्या मासळीबाजारात मासे साफ करायचो. माझ्यासारखं पापलेट साफ करणारा तिथे दुसरा नव्हता, आजही नाही. शाळा दुसरीपर्यंत. पण खिशात चष्मा आणि बगलेत पेपर, म्हणून बिल्डिंगवाले मला शिकलेला समजत. मीही समजू दिलं.

समोरच्या खोलीत लाद्या बसवणारा एक चिनी राहायचा. आमचं बोलणं मोडक्या अरबीत. त्याच्या मानेवर गाठ आली होती. कंपनीला कळलं तर घरी पाठवतील म्हणून टॉवेल गुंडाळून फिरायचा आणि कसलासा कडू काढा प्यायचा. महिनाभर 'दाखवून ये, दाखवून ये' ही माझी टकळी ऐकून शेवटी डॉक्टरकडे गेला. तिथलं बोलणं त्याला कळलं नाही. नुसती मान हलवली आणि कागद घेऊन आला.

"बाबा, तू वाच."

मी चष्मा लावला. कागद दोन्ही बाजूंनी पाहिला. आता माघार कशी घ्यायची? म्हटलं, "काही नाही. सूज आहे. जाईल."

तो इतका खूश झाला की माशाच्या रश्शात शेवया शिजवून मला दोन वाडगे वाढले. चव झकास, पण दुसरा वाडगा मी तसाच ठेवला. उठताना कागद मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी आमच्या रत्नागिरीकडची एक नर्स सुरमई घ्यायला आली. तिला कागद दाखवला.

"काका, हा कोणाचा? उद्या सकाळी आठला बोलावलंय. गाठीचा तुकडा काढून बघणार, कॅन्सर आहे का ते."

"आणि नाही गेला तर?"

"तर गाठ काय थांबणार आहे? त्याला सांगितलंत ना?"

"सांगितलं," मी म्हटलं. काहीतरी सांगितलं होतंच, तेवढं काही खोटं नव्हतं.

संध्याकाळी त्याचं दार वाजवलं. "मला वाचता येत नाही. उद्या आठला जायचंय. कॅन्सर आहे का बघणार." पहिलं वाक्य कुवेतमध्ये तीस वर्षांत मी कोणापुढे बोललो नव्हतो.

तो खो खो हसला. "मलाही नाही, बाबा! आमचं चिनीसुद्धा नाही!" हसू ओसरलं तसा खाली बसला. "मी नाही जाणार. कंपनी घालवेल."

"घालवू दे. घरी जायचंच तर मान धड घेऊन जा."

"नाही."

"मग मी सकाळपर्यंत इथेच बसतो." आणि बसलो.

सकाळी कामाला दांडी मारली. ईदचा शर्ट घातला. बसमध्ये त्याला खिडकीशी बसवला आणि पळून जाऊ नये म्हणून मी बाहेरच्या बाजूला बसलो. हॉस्पिटलच्या काउंटरवर कागद ठेवला आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणालो, "आम्हा दोघांनाही वाचता येत नाही. कुठं जायचं ते सांगा."