नानांनी परत केलेलं कार्ड

माझे वडील हार्ट अटॅकने गेले, असं मी तुम्हा सगळ्यांना सांगितलं होतं. ते अर्धंच खरं आहे.

आज नानांचं वर्षश्राद्ध झालं. उरलेलं अर्धं आज लिहिते आहे.

(शाळा हिंदीत झाली. मराठी कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.)

नाना इथे मध्य प्रदेशात, धारला, कापडाच्या दुकानात सेल्समन होते. तीस वर्षं साड्या उलगडल्या आणि परत घड्या घातल्या.
आजोबांचे आजोबा संस्थानात कारकून होते म्हणे. आमच्यापर्यंत त्यातलं फक्त आडनाव पोचलं.

आमच्याकडे बीपीएलचं कार्ड होतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत, देवांच्या फळीवर.
रेशन त्याच्यावर. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशनही त्याच्यावर, फुकट.

मग मी ग्रॅज्युएट झाले. घरातली पहिली. देवासला कंपनीत नोकरी लागली, पक्की झाली.
आणि मला ते कार्ड टोचायला लागलं.

"नाना, आपण आता गरीब नाही. हे परत करू या."

"असू दे गं मनू. फळीवर पडलंय, खायला मागतंय का?"

"आपल्या जागी कुणा गरजूला मिळेल. आपणच नाही सोडलं तर कोण सोडणार?"

नानांनी फळीवरून पिशवी उतरवली. मग इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाले.

ऑफिसातला बाबू म्हणाला, "काकाजी, गलत खिड़की पे आ गए। बनवाने की लाइन उधर है।"

"बनवाने नी आए भिया, लौटाने आए।"

बाबूने शेजारच्याला हाक मारली. "ए, इधर आ! देख तो, कारड लौटाने आए हैं!" दोघांनी नानांना बसायला खुर्ची दिली. चहा पाजला.

बाहेर आल्यावर नाना म्हणाले, "सकाळी गरीब होतो, दुपारी मध्यमवर्गीय झालो. आता कचोरी तू खिलव."

कचोरी हातात घेतलेला त्यांचा फोटो मी इथेच टाकला होता. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी 'प्राउड ऑफ यू' लिहिलं होतं.
मलाही स्वतःचा तेवढाच अभिमान वाटला होता.

चार महिन्यांनी नाना दुकानातच गेले. सकाळी अकरा वाजता, गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना.

तेराव्याला दुकानातले राधेश्यामकाका आले. नानांच्या शेजारी वीस वर्षं उभे राहिलेले. त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली.

"बेटा, ये उनके दराज में थी।"

नानांच्या दुकानातल्या खणात राहिलेली, धारच्या डॉक्टरची चिठ्ठी. हार्टचा त्रास आहे, इंदूरला दाखवा, उशीर करू नका. हॉस्पिटलचं नावही लिहून दिलेलं.
नाना जायच्या बावीस दिवस आधीची तारीख.

"मैंने बहुत बोला, चलो, मैं चलता हूँ साथ में। तो बोले, राधे, पहले अपना कारड था तो चले जाते थे। अब तो बड़े अस्पताल में छोरी की पूरी तनखा लग जाएगी। नी जाना।"

ते बावीस दिवस नाना गॅसच्या गोळ्या खात होते.
दर रविवारी मी देवासहून फोन करायची. "तब्येत?" "फर्स्ट क्लास!"

आता ती गोष्ट, जी मी वर्षभर कुणालाच सांगितली नाही.

आईनानांचा इन्शुरन्स होता.
जॉइनिंगच्या दिवशीच कंपनीच्या पॉलिसीत मी दोघांची नावं घातली होती. त्या चिठ्ठीवरचं हॉस्पिटल आमच्या यादीत होतं.
एक फोन करायचा होता, बस.

मी त्यांना पीडीएफ पाठवली होती. अकरा पानं, सगळी इंग्रजीत.
नानांनी उत्तरात जोडलेल्या हातांचा इमोजी पाठवला. मला वाटलं, समजलं.

कार्ड त्यांना हातात धरता येत होतं. इन्शुरन्स माझ्या फोनमध्ये होता. एक त्यांच्याकडून काढून घेतलं आणि दुसरं कधी दाखवलंच नाही.

मध्यमवर्गात जायचं म्हणजे पगार वाढवायचा, एवढंच मला कळत होतं. मध्यमवर्गातली माणसं आजारी कशी पडतात, कुणाला फोन करतात, हक्काने काय मागतात, ते घरात कुणालाच येत नव्हतं. मला येत होतं, पण ऑफिसातल्या टेबलापुरतं.

कार्ड परत करणं चूक होतं का? वर्षभर विचार करते आहे. अजूनही वाटतं, नव्हतं.
पण हे म्हणताना माझा आवाज आता पूर्वीसारखा लागत नाही.

आज गुरुजी गेले, पानं उचलली, आणि मी आईला सगळं सांगितलं. चिठ्ठी, पॉलिसी, सगळं.
वाटलं होतं, रडेल. किंवा मला बोलेल. बोलायलाच हवं होतं.

ती बराच वेळ ओट्यावरून फडकं फिरवत राहिली. ओटा कधीच कोरडा झाला होता.
मग पाठमोरीच म्हणाली, "त्यात माझं नाव आहे का गं?"

"आहे, आई."

"अजून चालू आहे?"

"चालू आहे."

"मग तुला एक सांगायचं होतं."

तिने सांगितलं. दिवाळीपासून लपवत होती. काय ते इथे लिहिणार नाही.

उद्याची सुट्टी टाकली आहे. सकाळच्या बसने तिला इंदूरला घेऊन जाते आहे. हॉस्पिटलला फोन तिच्याकडूनच करवला, हिंदीत, माझ्या शेजारी बसून. नाव सांगताना तिने पदर सावरला.

तुमच्यापैकी पुष्कळ जण माझ्यासारखेच आहात, घरातले पहिले. आज घरी फोन करा. 'तब्येत कशी आहे' एवढं विचारून ठेवू नका.

नाना, तुमचा भार कधीच नव्हता. हे तुम्हाला वेळेवर सांगितलं नाही.
वाकून नमस्कार करते.

तुमची मनू