जावेचा कंबरपट्टा
सासूबाईंनी चांदीचा कंबरपट्टा धाकट्या जावेला दिला. थोरली मी, पण तो उजळायचं काम मात्र माझं! नात्यातल्या एका लग्नाच्या हळदीच्या आदल्या दिवशी ती आमलीहून आमच्या डोकमर्डीच्या खोलीवर आली. “ताई, तुमच्यासारखी चांदी कुणालाच उजळता येत नाही.”

तिच्यावरचा राग मी पट्ट्यावर काढला. फॉइल, सोडा, मीठ घालून उकळत्या पाण्यात बुडवला, वर टूथपेस्टने खसाखसा घासला. नक्षी उठून दिसावी म्हणून सोनाराने ठेवलेला काळेपणाही घालवला. वेलबुट्टी फिकी पडली. मला बरं वाटलं.

ती मात्र हरखली, “अय्या, नवाच दिसतोय!”

हळदीत सगळ्या बायका तिच्या कमरेकडेच बघत होत्या. मी पाय साडीखाली ओढून घेतले. माझी जोडवी काळीकुट्टच होती. त्यांना हात लावायचं मला सुचलंच नव्हतं.